अकाराची माफी

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला २००२ साली एक सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला २० रुपये. आम्ही तिघे, दोन सख्खे आणि एक मावसभाऊ, शाळा सुटली की तिथं जायचो आणि एकाच तासाच्या पैशात तिघं मिळून बसायचो. मालक बघून न बघितल्यासारखं करायचा. आमचे थोरले भाईजान तेव्हा अकरावी सायन्सला होते. ते आले की खुर्ची त्यांची, आम्ही मागं उभे.

खेळ होता 'डायब्लो टू', २००० साली निघालेला. एक पात्र निवडायचं, राक्षस मारत जायचं आणि एकेक लेव्हल चढायची. प्रत्येक लेव्हलला पाच पॉइंट शरीरासाठी मिळत आणि एक विद्येसाठी. शरीराचे पॉइंट ताकद, चपळाई, जीव आणि जादूची शक्ती अशा चार घरांत वाटायचे. सगळी गंमत या वाटणीत होती, आणि सगळी आफतही. कारण दिलेला पॉइंट परत घेता येत नसे. चुकलात तर ते पात्र सोडा, पहिल्या लेव्हलपासून दुसरं उभं करा.

आम्ही जादूगारीण घेतली. जादूगारीण म्हटल्यावर तिला जादूच द्यायची, आणखी काय? आलेले सगळे पॉइंट आम्ही जादूच्या शक्तीत ओतले. जाणते खेळाडू तिथं एकही पॉइंट घालत नाहीत, जीव वाढवतात, हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एका कबरीत ड्युरिएल नावाचा अवाढव्य किडा असतो. लहानशी खोली, पळायला जागा नाही. आत पाऊल ठेवलं की आमची पोरगी दोन फटक्यांत आडवी. तिच्याकडं जादू भरपूर होती, ती वापरायला जिवंत राहणं तेवढं जमत नव्हतं. त्या खोलीत आमचे किती २० रुपये गेले त्याचा हिशेब अम्मीला आजतागायत माहीत नाही.

भाईजानांची रीत वेगळी होती. त्यांनी वहीत आकडेमोड केली होती. विद्या १, ६, १२, १८, २४ आणि ३० अशा लेव्हलना उघडत. सगळ्यांत जोरदार विद्या तिसाव्या लेव्हलची. म्हणून ते खालच्या विद्यांना गरजेपुरता एकेक पॉइंट देत आणि बाकीचे तसेच हातात ठेवत. तीसपर्यंत खिशात पैसे असून गरिबीत राहायचं आणि मग एका दिवशी सगळं खर्च करायचं. आम्हाला ते रडकुंडीला आणणारं वाटायचं. पण तीस ओलांडल्यावर त्यांचं पात्र जे काही चालायचं, ते बघायला कॅफेतली बाकीची पोरं गोळा व्हायची. वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी त्याच पात्राची चित्रं काढली होती, पेन्सिलनं, चिलखतासकट. त्या चित्रांवरून अब्बा एकदा बोलले, "हे काढून पोट भरतंय का कुणाचं?"

दहावीला ७८ टक्के पडले तेव्हा मोहल्ल्यात सगळ्यांनी सायन्स सांगितलं होतं. विचारायला दुसरं कोण होतं? घरात आधी कुणी कॉलेज बघितलेलं नव्हतं. पॉइंट कुठं घालायचे हे सांगणारे आमच्यासारखेच होते: जादूगारीण आहे, जादू द्या.

२००३च्या ऑक्टोबरात त्या खेळाचा १.१० हा पॅच आला. कॅफेवाल्यानं कौतुकानं सगळ्या मशीनवर चढवला. त्यात नियम बदलले होते. आता खालच्या विद्येत घातलेले पॉइंट वरच्या विद्येलाही जोर देऊ लागले. म्हणजे ज्यांनी खालच्या पायऱ्या रिकाम्या ठेवून वरची एकच भरली होती त्यांचं चुकलं. भाईजानांची वही एका दुपारी रद्दी झाली. अगदी शेवटच्या, नरक म्हणतात त्या फेरीतले राक्षसही जड झाले. भाईजान दोन दिवस नेटानं खेळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मैंने गलत नहीं किया था रे. तब वही सही था." आणि ते बारावीच्या अभ्यासाला लागले, निदान तसं घरी सांगितलं.

२००४च्या जूनमध्ये ते बारावीला गणित आणि फिजिक्समध्ये नापास झाले. ऑक्टोबरात पुन्हा बसले, पुन्हा तेच. पुढं आयटीआयला नाव घालायचं ठरलं तेव्हा खिडकीवर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं. मधल्या काळात मी कुठंही शिकत नव्हतो, कुठंही नोकरीला नव्हतो, असं स्टँप पेपरवर लिहून सही करून द्यायचं. ज्या दोन वर्षांत माणूस रोज रात्री पुस्तक घेऊन बसला, त्या वर्षांत तो काहीच नव्हता असं त्यानंच लिहून द्यायचं. आम्ही त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी सही केली, ती मात्र चित्रासारखी सुंदर होती. इलेक्ट्रिशियन होऊन ते २००८ साली कुवेतला गेले.

आता कबूल करायला हरकत नाही, त्या वयात आम्ही तिघेही माफी देण्याच्या विरोधात होतो. चूक पुसता आली तर मग खेळायचं कशाला, असं म्हणायचो. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. ती जादूनं भरलेली, जीव नसलेली पोरगी आम्ही रडतखडत तिसऱ्या अंकापर्यंत नेलीच. ड्युरिएलला मारलं त्या संध्याकाळी कॅफेत ओरडलो म्हणून मालकानं बाहेर काढलं होतं. २०१२ साली 'डायब्लो थ्री' आला. त्यात विद्या केव्हाही फुकट बदलता येतात आणि शरीराचे पॉइंट खेळ स्वतःच वाटतो. आम्ही तो महिनोन् महिने खेळलो. त्यातलं एकही पात्र आज आठवत नाही. सगळ्यांची पात्रं सारखीच, आज हा सदरा, उद्या तो.

बाकीच्यांनी मधले मार्ग काढले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पहिल्यांदा बदलायला सोन्याचं एक नाणं, मग पाच, मग दर खेपेला पाचनं वाढत पन्नासपर्यंत. चंचल माणसाला जास्त दंड, सावकाराच्या हिशेबानं. २०२२च्या 'एल्डन रिंग'मध्ये त्यासाठी एक दुर्मीळ वस्तू लागते आणि ती सबंध खेळात मोजकीच सापडते.

आणि आमच्या जुन्या 'डायब्लो टू'नंही शेवटी मान तुकवली. २०१०च्या १.१३ पॅचमध्ये पहिल्याच छावणीतली अकारा ही म्हातारी तिची गुहा साफ करून दिली की सगळे पॉइंट परत द्यायला लागली. प्रत्येक फेरीत एकदा, म्हणजे तीन वेळा. त्यापुढं हवं असेल तर नरकातले बडे राक्षस मारून चार प्रकारचे अर्क गोळा करा. आम्ही लगेच कुवेतला फोन लावला. भाईजान ड्युटीवरून नुकतेच खोलीवर आले होते. ऐकून घेतलं, म्हणाले, "दस साल लगे उनको?" आणि अम्मीच्या गुडघ्यांचं विचारलं.

आमचं मत त्या फोननं बदललं असं म्हणू या. नियम तुम्ही मागाहून बदलणार असाल तर जुन्या माणसाचे पॉइंट परत द्या, तेही फुकट. ती मेहेरबानी नाही, देणं आहे. आणि जिथं माणूस स्वतःच चुकला तिथं किंमत घ्या, पण एकच आणि परवडणारी. दुसऱ्यांदा चुकला म्हणून दुप्पट घेणं आम्हाला पटत नाही. पहिल्यांदा त्याला कुणी नीट सांगितलं होतं का, ते आधी बघा.

गेल्या वर्षी भाईजान सुट्टीवर आले तेव्हा घरात हाच तिढा होता. आमच्यापैकी एकाचा मुलगा अकरावी सायन्सला. सहामाहीनंतर म्हणाला, मला आर्ट्सला जायचंय. अब्बा आता ऐंशीला टेकलेत, आवाज मात्र तोच. म्हणाले, सुरू केलंय ते पुरं करायचं, या घरात खेळ चाललाय का? पोरगा रात्रभर लॅपटॉपवर 'बाल्डर्स गेट थ्री' खेळत बसला. भाईजान त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. पडद्यावर विदर्स नावाचा सांगाडा होता. २०२३च्या या खेळात तो पात्राची जातकुळी सोडून जवळपास सगळं बदलून देतो.

"कितना लेता है?"

"शंभर मोहरा, बडे अब्बा."

"हर बार बढता है?"

"नाही. कितीही वेळा, शंभरच. आणि हात चलाख असेल तर नंतर त्याच्याच खिशातनं परत काढता येतात."

भाईजान हसले. बऱ्याच वेळानं विचारलं, "तू चित्रं काढतोस ना?" पोरानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते त्याला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले. अब्बांनी त्या दुपारी जेवणाला हात लावला नाही.