मॅडमनी दिलेला विषय

रंगशास्त्रातलं जे काही माझ्या पदरी आहे, त्यातला मोठा वाटा माटुंग्याच्या यूडीसीटीतल्या, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातल्या, माझ्या मॅडमचा. मी संशोधनाला लागलो तेव्हा बरोबरीची मुलं कापडाच्या रंगांवर काम करत होती. त्यात नोकरीही लवकर लागे. मॅडमनी मला निकेल डायथायोलीन दिलं.

ते बनवायला बेंझॉइन आणि फॉस्फरस पेंटासल्फाइड डायऑक्सेनमध्ये उकळायचं, गाळायचं, त्यात निकेल क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण घालून पुन्हा तापवायचं. हायड्रोजन सल्फाइड सुटायचा, फ्यूम हूडपाशी उभं राहणं नको व्हायचं. पण विषारी वायूच्या कामात विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही, हा मॅडमचा नियम. त्या शेजारी उभ्या असत, अगदी दिवेलागणीपर्यंत.

काळपट हिरवे स्फटिक हाती आले. त्यांचं द्रावण वर्णपटमापीत ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "आता याचा खरा रंग बघ," आणि यंत्राचा पल्ला वाढवला. माणसाची नजर ७०० नॅनोमीटरच्या सुमारास थांबते. आलेखाची पेन त्यापुढे सरकत गेली आणि ८६६ च्या आसपास तिनं उंच शिखर काढलं. मी बघतच राहिलो.

निकेलभोवती चार गंधक एकाच प्रतलात असतात आणि इलेक्ट्रॉन धातूपासून लिगंडपर्यंत असे पसरलेले असतात की, अगदी कमी ऊर्जेचा प्रकाशही त्यांना पुरतो. कडेच्या फिनाइल वलयांवर डायमिथिलअमिनो गट बसवले की शिखर आणखी पुढे, १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेझरजवळ जातं. म्हणूनच हे रंग त्या लेझरमध्ये क्यू-स्विच म्हणून वापरले गेले: प्रकाश शोषत राहायचं, भरून आलं की एकदम पारदर्शक व्हायचं, आणि साठलेली ऊर्जा एका क्षणिक झोतात बाहेर. शोषलेली ऊर्जा ते प्रकाशरूपानं सहसा परत देत नाहीत, तिची उष्णता होते. सिंगलेट ऑक्सिजनलाही ते शमवतात, त्यामुळे लवकर विटणाऱ्या सायनाइन रंगांचं रक्षण होतं. हे सगळं मॅडमनी फळ्यावर, न कंटाळता, मला समजेपर्यंत समजावलं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्या वाट्याला चारच ओळी आल्या. त्या फार अपुऱ्या होत्या.

रसायन शिकवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे: धातूचं नवं संयुग हाती आलं की वर्णपट ७०० ला थांबवू नका. यंत्र जाईल तिथपर्यंत, निदान ११०० पर्यंत, विद्यार्थ्याला जाऊ द्या. आणि तो जाईल तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा.