स्नानसंस्कार आणि मतपत्रिका

२०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एक रात्र मला विसरता येत नाही. रात्रीची प्रार्थना आटोपून मी दिवा मालवण्याच्या बेतात असताना अमेरिकेहून फोन आला. माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामात वेदीसेवक म्हणून वाढलेला एक तरुण तेथे स्थायिक होऊन त्या देशाचा नागरिक झाला होता. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो प्रथमच मतदान करणार होता. त्याने विचारले, "फादर, मिट रॉम्नी यांची आर्थिक धोरणं मला पटतात, पण ते मॉर्मन आहेत. कॅथलिक माणसानं त्यांना मत द्यावं का?"

क्षणाचाही विचार न करता मी म्हणालो, "अरे, ज्यांचा स्नानसंस्कारसुद्धा आपली ख्रिस्तसभा वैध मानत नाही, त्यांच्या हाती देश कसा सोपवायचा?"

"बरं, फादर," एवढेच तो बोलला.

माझ्या वाक्याचा पूर्वार्ध खरा होता. मॉर्मन पंथाचा स्नानसंस्कार वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००१ साली दिला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे तेही उच्चारतात. परंतु पवित्र त्रैक्याविषयीची आपली श्रद्धा त्यांना मान्य नाही. हा भेद लहान नव्हे. मात्र त्यावरून मी जो निष्कर्ष काढला, त्याला कसलाच आधार नव्हता.

पुढे त्या पंथाचा इतिहास वाचताना मला माझ्या वाक्याची लाज वाटू लागली. १८३८ साली मिझुरीच्या गव्हर्नरांनी मॉर्मन लोकांना राज्यातून हाकलून द्यावे अथवा नष्ट करावे, असा हुकूम काढला. तो रीतसर मागे घेतला गेला १९७६ साली! पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे १८४४ साली स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्याच वर्षी इलिनॉयमधील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. रीड स्मूट १९०३ साली युटा राज्यातून सिनेटवर निवडून आले. ते पंथाचे वरिष्ठ पदाधिकारी होते. त्यांना एकच पत्नी होती. तरीही पंथातील जुन्या बहुपत्नीत्वावरून त्यांच्या सदस्यत्वाची चौकशी सुरू झाली, आणि १९०७ सालापर्यंत ते प्रकरण मिटले नाही. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९६७ साली शंभरातील १७ अमेरिकनांनी मॉर्मन उमेदवाराला मत देणार नाही असे सांगितले होते. २०१२ साली तो आकडा १८ होता.

वाचकहो, हा अनुभव आपल्याला परका आहे का? १९२८ साली आल स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा आता पोपच वॉशिंग्टनवर राज्य करणार, अशी आवई उठली होती. १९६० साली जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर आपल्या निष्ठेची ग्वाही द्यावी लागली. २००७ साली रॉम्नी यांनीही टेक्सासमध्येच तशाच अर्थाचे भाषण केले. केनेडींवर संशय घेतला गेला म्हणून आपण हळहळतो. रॉम्नींवर मात्र मी स्वतःच संशय घेतला.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धार्मिक कसोटी लावता येत नाही. परंतु हे बंधन शासनावर आहे. मतदाराच्या मनात काय चालते, ते घटना पाहू शकत नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धीलाच पहारा द्यावा लागतो.

याचा अर्थ उमेदवाराला काही विचारूच नये, असा नव्हे. मॉर्मन पंथात १९७८ सालापर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले जात असे. त्या अन्यायाबद्दल तुमची भूमिका काय होती, हा प्रश्न रास्तच आहे. रॉम्नींचे वडील जॉर्ज हे श्रद्धावान मॉर्मन. तरी मिशिगनचे गव्हर्नर असताना त्यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा पुरस्कार केला. माणूस काय करतो हे पाहावे. केवळ पंथाच्या नावावरून त्याची पारख करू नये.

काही वर्षांनी तो तरुण सुट्टीत गावी आला होता. चहा घेताना मी त्या निवडणुकीचा विषय काढला. तो संकोचून म्हणाला, "त्या वर्षी मी अध्यक्षपदासाठी कोणालाच मत दिलं नाही, फादर. तुमचा शब्द मोडवेना."

रॉम्नी हरले, ते काही त्या एका मतामुळे नव्हे. पण एका नागरिकाचे पहिले मत मी माझ्या पूर्वग्रहापायी वाया घालवले होते. मी त्याची क्षमा मागितली. तो बिचारा गोंधळला. धर्मगुरूने आपली क्षमा मागावी, याची त्याला सवय नव्हती.

विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीला प्रभू येशूने तिच्या लोकांच्या उपासनेतील उणीव स्पष्ट सांगितली. तरीही शेजारी कोण हे शिकवण्यासाठी त्याने दाखला दिला तो एका शोमरोन्याचाच. सिद्धान्ताच्या बाबतीत त्याने तडजोड केली नाही आणि माणसाच्या चांगुलपणाची साक्षही नाकारली नाही. हे दोन्ही एकत्र सांभाळणे मला त्या रात्री जमले नव्हते. आता कोणी मताविषयी विचारले, तर मी उमेदवाराचा स्नानसंस्कार काढीत नाही. त्याच्या कामाची चौकशी कर, असे सांगतो.