स्टिअरिंग बॉक्स सगळ्यात शेवटी

जुनी जीप घेऊन येणारा माणूस गाडीतून उतरायच्या आधीच निदान सांगतो. "बॉक्स गेलाय मामा, तेवढा बदलून टाका." कधीकधी बॉक्स खरंच गेलेला असतो. पण कोल्हापुरात या पाट्यांच्या फोर बाय फोर जीपांखाली पाठ टेकण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्यातून एक मत पक्कं झालं. जे हाताला जाणवतं ते हाताजवळच बिघडलेलं असतं असं नाही. बहुतेक वेळा बिघाड जमिनीजवळ असतो. म्हणून मी टायरपासून सुरुवात करतो आणि बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावतो. गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

गाडीची जात आधी समजून घ्यायला हवी. विलीजची सीजे-3बी अमेरिकेत 1953 साली आली. 1947 पासून मुंबईत विलीज जीपा जुळवणाऱ्या महिंद्रानं पुढं तीच इथं बनवली. तिनं आणि तिच्या भावंडांनी आमच्या भागात काय काय ओढलं नाही! वनखात्याचे साहेब, साखर कारखान्याचे शेती अधिकारी, आणि वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, काळात तर मागच्या फळीवर उभी राहिलेली माणसंसुद्धा. या गाडीला पुढंही एकसंध ॲक्सल आहे. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्याला त्याची खबर लागतेच. 2010 च्या थारला पुढं टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं, तिचा स्वभाव निराळा. जुन्या सीजेमध्ये स्टिअरिंग फिरवलं की जोर बॉक्समधून ड्रॉप आर्ममध्ये, तिथून ड्रॅग लिंकमध्ये, मग बेल क्रँकमध्ये, मग दोन टाय रॉडमध्ये आणि शेवटी नकलमधून चाकात जातो. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई असली तरी वरच्या गोल चाकावर ती दोन-तीन बोटांची होते. कुणा एकाच पार्टवर दोष टाकता येत नाही. पार्ट बदलत सुटणाऱ्या मेस्त्र्यांचं फावतं ते इथंच. काहीही बदललं तरी थोडा फरक पडतोच, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश होऊन जातं.

पाना उचलण्याआधी मी विचारतो, "कधी होतं?" काय होतं हे मला गाडीच सांगते, पण कधी होतं हे चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका अंगाला ओढते का? मग स्टिअरिंग विसरा, ड्रम उघडा. हबचं ऑइल सील गळून एका बाजूच्या लायनरवर तेल आलेलं असतं. सरळ रस्त्यावर सारखी डावीकडंच जाते? आपण डावीकडून चालतो आणि पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला तिकडंच उतार असतो. एकदा मोकळ्या मैदानात चालवून बघा. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. वळणावर स्टिअरिंग जड होतं आणि गाडी अडखळते? फोर बाय फोर टाकलेलं राहिलंय का ते बघा. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ गिअरमध्ये साठतो. हा बिघाड नाही, गाडी चुकीच्या जागी चुकीच्या गिअरमध्ये आहे एवढंच.

मग टायर. हवेचा काटा लावतोच, पण त्याआधी तळहात टायरवर आडवा फिरवतो. आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत धार लागत असेल तर टो, म्हणजे दोन चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरातला फरक, बिघडलाय हे काटा न लावता कळतं. टो मोजायला मला कॉम्प्युटर लागत नाही. चाक जॅकवर उचलायचं, फिरवत फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा काढायचा, खिळा एका जागी धरून त्यावर बारीक रेघ ओढायची. दोन्ही चाकांवर अशी रेघ झाली की गाडी खाली घेऊन पुढून अंतर मोजायचं, गाडी अर्धा फेरा पुढं ढकलायची आणि त्याच खुणांमधलं अंतर मागून मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक ते अडीच मिलिमीटरनं कमी असलं की या जीपला पुरे. अलाइनमेंटच्या दुकानात रंगीत कागद मिळतो, पण एकसंध ॲक्सलवर तिथंही बदलता येतो तो टोच. कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, ॲक्सलच्या घडणीतच दीड अंश दिलेला असतो. तो बिघडला असेल तर एकतर ॲक्सल वाकलाय, नाहीतर नकल ज्यावर फिरतं त्या किंग पिनची बेअरिंगं संपलीत.

आता एका भयंकर दुखण्याकडं येतो. एक तरुण पोरगा अशी जीप घेऊन आला. मूळची वडापची. त्यानं रंगवून, उंच करून, रुंद टायर आणि बाहेर निघालेले रिम घालून घेतलेली. ताशी पन्नासच्या आसपास डाव्या चाकाला एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थडथडा नाचायला लागायची. स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटायचं, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबायचं नाही. आधीच्या गॅरेजात त्याला स्टिअरिंग डँपर लावून दिला होता. काही दिवस बरं गेलं, मग पुन्हा सुरू. डँपर चालू गाडीला वाईट नाही. पण ढिल्या सांध्यांवर तो लावणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

मी पोराला सीटवर बसवलं, इंजिन बंद, चाकं जमिनीवर सरळ. "थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, नुसतं हलव." आणि मी खाली. प्रत्येक सांध्यावर एक बोट या भागावर, एक त्या भागावर असं ठेवायचं. बोटांमध्ये हालचालीचा फरक आला की सांधा ढिला. नजरेपेक्षा बोटं जास्त खरं सांगतात. टाय रॉड एंड नवे होते, बेल क्रँकचा बुश ठीक होता. पाट्यांचे यू बोल्ट मात्र हाताच्या पान्यानं अर्धा फेरा घट्ट झाले. ते असे ढिले असले की ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि सेंटर बोल्ट तुटतो. म्हणून दोन्ही बाजूंनी पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत फीत लावली. सीजेमध्ये हे अंतर 80 इंच असतं. दोन्हीकडं सारखं भरलं. तेवढ्यापुरतं सुटलो.

मग पुढचं चाक जॅकवर घेतलं, ॲक्सलखाली घोडी लावली. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवला. कट्, कट्. इथं बहुतेक जण "बेअरिंग गेलं" म्हणून हब उघडतात. पोराला म्हटलं, "आता ब्रेक दाबून धर." ब्रेक दाबला की ड्रम आणि बॅक प्लेट एकजीव होतात, चाकाच्या बेअरिंगची ढिलाई खेळातून बाहेर जाते. तरीही कट् वाजलं. म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा नाही, किंग पिनचा. दोन मिनिटांची ही तपासणी. हिच्यावाचून किती नवीन बेअरिंगं विनाकारण बसवली गेली असतील!

किंग पिनच्या वरच्या आणि खालच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या काढत जायचं, दोन्हीकडून सारख्या, म्हणजे नकल मधोमध राहतं. टाय रॉड सोडवून, ऑइल सील काढून, नकलला स्प्रिंगचा काटा लावून ओढ बघायची. सील तसंच ठेवलं तर त्याचं घर्षण काट्यात मिसळतं आणि बेअरिंग घट्ट झाल्याचा भास होतो. फार घट्ट केलं तर वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येत नाही. फार ढिलं ठेवलं तर ते नाचणं परत येतं. पोराच्या गाडीत खालचं बेअरिंग गंजून खडबडीत झालं होतं. ते बदललं.

पण एवढ्यानं भागलं नसतं, कारण खरी मेख उंचीत होती. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो, म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. जीपच्या किंग पिनलाही असाच साधारण तीन अंशांचा कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. या जीपांत पुढच्या पाट्यांचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. तिथं लांब शॅकल लावले की ते टोक खाली जातं, ॲक्सल पुढं कलंडतो आणि कॅस्टर खाऊन टाकतो. रॉडही तिरके होतात, मग खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की चाक आपोआप वळतं. बाहेर निघालेल्या रिममुळं प्रत्येक दगडाला जास्त लांबीचा दांडा मिळतो आणि तो थेट हातावर येतो. म्हणजे पोरानं पैसे खर्चून चारी बाजूंनी संकट विकत घेतलं होतं. जुने शॅकल परत लावू म्हटल्यावर तो हिरमुसला. "मामा, मग दिसणार काय?" शेवटी शॅकल अर्धे कमी केले, पाटा आणि ॲक्सलच्या मधे तिरके वेज घालून कॅस्टर परत आणला आणि मूळचे रिम बसवले. माझं स्पष्ट मत आहे की 80 इंची गाडी उंच करूच नये. पण गाडी त्याची आहे.

बॉक्सचं काय? तो शेवटी उघडला. रॉसच्या या बॉक्समध्ये समायोजनाचा स्क्रू असतो आणि तो फिरवायचा मोह कुणालाच आवरत नाही. आतला कॅम मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी सरळच जास्त चालते. मधली ढिलाई घालवायला स्क्रू आवळला की टोकाला वळताना बॉक्स अडकतो. म्हणून स्क्रू चाकं सरळ ठेवूनच लावायचा, आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठं अडत नाही ना हे बघायचं. अडत असेल तर बॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. पोराचा बॉक्स चांगला निघाला. त्याच्या चॅसीवरच्या बोल्टांपैकी एक सैल होता, एवढंच.

पुढच्या चाकांच्या कौतुकात मागचं राहून जातं. मागच्या पाट्यांचे बुश गेले की मागचा ॲक्सलही थोडा थोडा वळतो आणि गाडी पुढून भटकल्यासारखी वाटते. पुढचे सगळे सांधे घट्ट असूनही गाडी सरळ राहत नसेल तर मागं बघा.

जुनी जीप घ्यायला जाणार असाल तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी सोबत एक माणूस आणि एक पोतं घेऊन जा. माणूस स्टिअरिंगवर बसवा, पोतं अंथरून खाली झोपा. स्टिअरिंग बॉक्स जिथं चॅसीला बसतो तिथं बॅटरीचा उजेड टाकून बघा. तिथल्या रंगाला बारीक तडा दिसला, किंवा वेल्डिंगचा जुना डाग दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.