चौकटीमागचे हात

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांत आईवडील आणि परळचे प्राध्यापक आहेत. त्याच ओळीत मी डेन्मार्कमधल्या आरहूसचे एक मिस्त्री आणि तिथली ग्योटिंगन जातीची छोटी डुकरं यांनाही धरते.

मी पशुवैद्य. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात शिकले, तेव्हा मोठं जनावर म्हणजे बैल, म्हैस, घोडा. मेंदूवर संशोधन करणाऱ्या गटात भूल द्यायला आरहूसला गेले, तेव्हा ३५-४० किलोचं डुकरूही मोठ्या जनावरांत धरतात हे कळलं. कारण त्याच्या मेंदूत होतं. प्रयोगशाळेतल्या उंदराचा मेंदू जेमतेम २ ग्रॅमचा आणि गुळगुळीत. या डुकराचा ८०-९० ग्रॅमचा आणि माणसासारखाच घड्याघड्यांचा. कंपवाताच्या रुग्णाला बसवतात तीच १.२७ मिलिमीटर जाडीची विद्युत्तार त्यात बसते.

लक्ष्य मेंदूत खोल, डोळ्यांना न दिसणारं. म्हणून डोकं चौकटीत घट्ट धरायचं, तीन दिशांची मापं घ्यायची आणि मापाबरहुकूम तार आत न्यायची. लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी अशी चौकट १९०८ मध्ये जगापुढे मांडली, ती माकडा-मांजरांसाठी. माणसावर तिचा वापर फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये केला. मधली जवळजवळ चाळीस वर्षं तिचा भार जनावरांनीच वाहिला.

माकडाचं डोकं कानांच्या नळीत दांडे घालून धरता येतं. डुकराची ती नळी वाकडी आणि खोल, त्यात कपाळाच्या हाडात मोठाल्या पोकळ्या. म्हणून आमच्या चौकटीची पकड गालाच्या हाडांवर आणि वरच्या जबड्यावर होती. लोखंडाचा एक स्क्रू राहिला तरी एमआरआयचं चित्र बिघडतं, म्हणून सगळं काम प्लास्टिकचं. चौकटीवर बसणाऱ्या पेटीच्या भिंतींत द्रव भरलेल्या नळ्या. चित्रात त्यांचे ठिपके उमटतात आणि त्यांवरून लक्ष्याचं अंतर काढता येतं. हे सुटे भाग मिस्त्री घडवत.

डुकराचा घसा लांब आणि अरुंद. श्वासाची नळी घालणं अवघड, आणि चौकट आवळल्यावर तोंडापाशी हात पोहोचत नसे. मिस्त्री टोपी-गाऊन घालून शस्त्रक्रियेला येऊन उभे राहिले, माझा हात कुठे अडतो ते पाहत राहिले आणि पुढची आडवी पट्टी त्यांनी बिजागरीवर बसवून दिली. मी काही मागितलं नव्हतं. जनावर शुद्धीवर आलं की ते त्याच्या गालावरून बोट फिरवत. वळ उठलेला दिसला तर तो भाग उतरवून पुन्हा घासायला नेत. नवी पकड आधी खाटिकखान्यातून आणलेल्या डोक्यावर बसवून बघायची, मगच जिवंत जनावराला लावायची, हा त्यांचा नियम कुणाच्याही घाईसाठी मोडला नाही.

अभ्यास संपला की डुकराला कायमचं झोपवून, मेंदूचे काप काढून तार नेमकी कुठे पोहोचली ते बघावं लागे. ते इंजेक्शन माझ्या हातचं असे. त्याच्या आधी मी त्याला हाताने सफरचंद भरवत असे. ते विश्वासाने खाई, आणि तो विश्वास मला आजही जड जातो.

पुढे मुंबईत माझ्या मामांच्या मेंदूत तशीच तार बसली. कंपवाताने धरलेले त्यांचे हात सदऱ्याची बटणं लावू लागले. आता आभार कुणाचे मानायचे, असं मामींनी विचारलं. डॉक्टरांचे मानून झाले होते. मग मी त्यांना माकडांची हकीकत सांगितली. मेंदूतलं सबथॅलॅमिक केंद्रक निकामी केलं की कंपवाताची लक्षणं ओसरतात, हे बर्गमन, विकमन आणि डिलाँग यांनी १९९० मध्ये माकडांत दाखवलं. १९९३ मध्ये ग्रेनोबलच्या बेनाबिड यांच्या गटाने माणसाच्या त्याच केंद्रकात विजेचे स्पंद देणारी तार बसवली. मामी शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "बैलाचे निदान पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे तरी मळतो आपण. यांचं कोण करतं गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या कामातून देते. आता मी तरुण पशुवैद्यांना शिकवते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेलं तत्त्व, जनावरांऐवजी दुसरं काही वापरा, त्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा, त्यांना पुस्तकातून पाठ असतं. मी त्यांच्या हातात आधी मेलेल्या डुकराची कवटी देते. पकड कुठे रुतते, नळी कुठे दुमडते, हे त्यावर पक्कं झाल्याशिवाय मी त्यांना जिवंत जनावराजवळ जाऊ देत नाही. त्यांना हे फार सावकाश वाटतं, तरी मी ऐकत नाही. या तयारीमुळे जेवढ्या जनावरांना टेबलावर यावंच लागत नाही, तेवढंच माझं ऋण फिटतं. बाकीचं मी फेडत राहणार.