एका शब्दासाठी

आमची सून मुंबईच्या सर जे. जे. कॉलेजची आर्किटेक्ट. लग्नानंतर साउथहॅम्प्टनला आली आणि कळलं, इथे घराचे नकाशे कोणीही काढावेत. १९९७ च्या कायद्याने राखलाय तो 'आर्किटेक्ट' हा शब्द! आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या यादीत नाव नसताना तो व्यवसायात लावला तर दंड. (भारतातला १९७२ चा कायदाही कामाला नव्हे, नावालाच कुंपण घालतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं.) 'इंटीरियर डिझायनर' मात्र कोणीही म्हणवून घ्यावं. आम्ही म्हटलं, "अगं, तेच लाव की!"

"आई, पाच वर्षं शिकले ती याच शब्दासाठी ना?"

सध्या दिवसा ऑफिस, रात्री जुनी ड्रॉइंग्ज नि प्रमाणपत्रांचा पसारा. स्वयंपाकघर आम्हा दोघांकडे आलंय.