बायको म्हणून चालले, सीए म्हणून नाही

ज्या लग्नाच्या दाखल्यावर मला नवऱ्याच्या मागे दुबईचा व्हिसा मिळाला, त्याच दाखल्यावर माझी बी.कॉम.ची पदवी माझीच आहे हे मात्र सिद्ध होत नाही, असं तिथल्या एका कंपनीनं मला तोंडावर सांगितलं. वर्षं झाली, पण राग गेलेला नाही.

मी लातूरची. पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची, आर्टिकलशिप लातूरलाच, मग सीए, मग तिथल्याच एका फर्ममध्ये नोकरी. लग्नानंतर २०१६ मध्ये दुबई. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला : गल्फचा अनुभव आहे का? मार्केट यार्डातले आडते, डाळमिल, तेलमिल यांची इतकी वर्षं तपासलेली खाती कुणी हिशोबातच धरेना. शेवटी दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत असिस्टंट अकाउंटंट म्हणून लागले.

आणि १ जानेवारी २०१८ ला यूएईत पाच टक्के व्हॅट आला. आधीचं वर्षभर ऑफिसात नुसती धांदल. वीस-वीस वर्षं गल्फमध्ये मुरलेल्या माणसांनी तिथे असल्या कराचं रिटर्न कधी भरलेलंच नव्हतं. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ पासून होता. त्याच्या ऑडिटचा फॉर्म ७०४ भरता भरता आमची अख्खी थंडी जायची. मालकाच्या इमारती होत्या. राहत्या फ्लॅटचं भाडं करमुक्त, दुकानांच्या भाड्यावर कर. मग त्याच इमारतीच्या लिफ्टच्या, रंगकामाच्या बिलातला किती कर परत घ्यायचा, यावर सगळे अडले. लातूरला एकाच मालकाची डाळही असायची नि तेलही. डाळ करमुक्त, तेलावर कर, आणि बारदान्यावर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे सेट-ऑफ, दोघांत वाटायची. मी एका संध्याकाळी कागदावर मांडून दाखवलं. पहिलं रिटर्न माझ्याच मांडणीवर गेलं.

मालकांनी फायनान्स मॅनेजरची जागा देऊ केली. त्या हुद्द्याच्या वर्क परमिटला साक्षांकित पदवी लागते. यूएईत नुसत्या अपोस्टिलवर भागत नाही. विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकार, परराष्ट्र खातं, यूएईची वकिलात, मग तिथलं परराष्ट्र मंत्रालय अशी शिक्क्यांची रांग असते. माझे वडील तेव्हा निवृत्त झालेले. एसटीनं अहमदपूर, लोहा करत ते विष्णुपुरीला विद्यापीठात जायचे, खिडकीपाशी उभे राहायचे, ‘उद्या या’ ऐकून परत यायचे. तरीही त्यांनी सगळं करून आणलं. सगळे शिक्के बसले.

कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओनं कागद समोर ठेवले. पदवीवर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकच जुळतो, तोही जागा बदलून. ‘शिक्के खरे आहेत,’ तो म्हणाला, ‘पण ही बाई कोण?’ मी लग्नाचा दाखला पुढे केला. त्यावरही तिथल्या सरकारचा शिक्का होता. त्याच्याच जोरावर मी त्या देशात राहत होते. तो म्हणाला, हा व्हिसासाठी चालतो. बायको ठरायला तो पुरला, सीए ठरायला पुरला नाही! प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्रात नाव छापून आणा. राजपत्र हातात येईपर्यंत जागा भरली गेली. जो मुलगा माझ्याकडून कराची विभागणी शिकला, तो माझा साहेब झाला. तो चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा रागही नाही. त्याच्या नावाला मात्र जन्मापासून कुणी हात लावलेला नव्हता.

पासपोर्टवरचं नाव लग्नानंतर बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, हे शिकलेल्या घरांतही माहीत नसतं. सीएच्या संस्थेकडे पुरावा देऊन सभासदत्वातलं नाव बदलता येतं. पदवी मात्र ज्या नावानं मिळवली त्याच नावाची राहते. म्हणून भेटेल त्या मुलीला सांगते, नाव बदलू नकोस. खरं तर अलीकडे पासपोर्ट नवा काढताना मी स्वतः सासरचंच आडनाव ठेवलं. मुलीचा जन्मदाखला, बँक, आता राजपत्रसुद्धा त्याच नावाचं. आणि दुबईबद्दलही माझं मन एका बाजूला राहत नाही. लातूरला माझ्या टेबलासमोर बसून अशील विचारायचे, ‘साहेब कधी येणार?’ दुबईच्या त्या मालकांनी असं एकदाही विचारलं नाही. मी सांगेन तो आकडा ते लिहून घेत.

जून २०२३ पासून यूएईत नऊ टक्के कॉर्पोरेट टॅक्सही सुरू झाला, आणि आपल्याकडच्या सीएंना तिथून पुन्हा विचारणा होऊ लागली. नांदेडची माझी चुलतबहीण नुकतीच सीए झाली. तिला तिकडेच जायचंय, आणि लग्न वैशाखात आहे. मी काकांना फोन केला : पासपोर्ट आत्ताच काढा, आणि नाव आहे तेच कायम ठेवा. काका म्हणाले, ‘तिच्या सासरच्यांना एकदा विचारून घेतो.’ मी म्हटलं, काका, विचारू नका, सांगा.