दादीजींचा नकाशा



गेले काही महिने मी इथे काहीच लिहिलं नाही. स्थानकात भेटल्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी विचारलं, "काय गं, तब्येत बरी आहे ना?" मी प्रत्येकीला सांगितलं, "हो, बरी आहे." ते खरं नव्हतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, पण सुरुवात एका कादंबरीपासून करावी लागेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची आली होती. जाताना ती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठेवून गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट. नायिका नकाशे काढणारी. तिचं प्रेम, घरातली जुनी गुपितं, आणि शेवटी एकेक गाठ सुटत जाणं. रात्री झोप येत नव्हती म्हणून मी ती वाचायला घेतली. झोप का येत नव्हती, ते पुढे येईलच.

नकाशे काढणाऱ्या बायका काही लेखिकेच्या मनच्या नाहीत. युद्धात अमेरिकेने कॉलेजच्या मुलींना नकाशे काढायला शिकवून सैन्याच्या नकाशा विभागात घेतलं होतं. आणि इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी चक्क रेशमावर नकाशे छापले. रेशमाची घडी कुरकुरत नाही, भिजली तरी फाटत नाही, अंगरख्याच्या अस्तरात लपते. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या माणसाने त्यावरून वाट काढायची. युद्ध संपल्यावर उरलेल्या नकाशांचे बायकांनी कपडे शिवले म्हणे. मी मात्र रेशमापाशीच अडले. एक जीव वाचवायला किती किड्यांचे जीव गेले असतील! आपलं मन असंच चालतं, त्याला काय करणार.

हे सगळं दूरदेशीचं वाटत होतं. मग लक्षात आलं, त्याच युद्धात आपलं नगर, आताचं अहिल्यानगर, हेच एक मोठं गुपित होऊन बसलं होतं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि कार्यकारिणीच्या बारा जणांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आपले शंकरराव देव, असे सगळे. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने सुरुवातीला जाहीरच केलं नाही. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण त्या खोल्या जपून ठेवल्यात. मुलं लहान असताना मीही त्या बघून आले. तेव्हा फक्त पाट्या वाचल्या. त्या खोल्यांमधल्या माणसांच्या बायका त्या वेळी कुठे होत्या, हा प्रश्न मनात आला नाही.

बारा जणांत असफ अली होते. त्यांची बायको अरुणा. दोघांचे धर्म वेगळे, वयात वीसेक वर्षांचं अंतर, माहेरचा विरोध. तरी १९२८ मध्ये लग्न केलं. ज्या दिवशी नवऱ्याला पकडलं, त्याच दिवशी अरुणाबाईंनी गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकवला आणि त्या भूमिगत झाल्या. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला पाच हजार रुपयांचं बक्षीस लावलं. वॉरंट रद्द झालं ते १९४६ मध्ये. म्हणजे नवरा आपल्या गावातल्या दगडी भिंतींमागे, आणि बायको आज या घरी तर उद्या त्या घरी. एकमेकांचा पत्ता नाही.

आणि मौलाना आझाद. त्यांच्या बेगम, झुलेखा, कोलकात्याला आजारी होत्या. मौलाना आधी नैनीच्या तुरुंगात असतानाही त्या आजारीच होत्या, पण त्यांना काळजी नको म्हणून घरच्यांनी कळवलं नव्हतं. ऑगस्ट १९४२ मध्ये ते मुंबईला निघाले तेव्हा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या, निरोप दिला, त्यापलीकडे काही बोलल्या नाहीत. तीच शेवटची भेट. १९४३ मध्ये दुखणं विकोपाला गेल्याच्या तारा किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पोचवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. मौलानांनी सरकारपुढे हात पसरला नाही. ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या. किल्ल्यात बसून मौलानांनी एका मित्राला पत्रं लिहिली. ती तेव्हा टपालात पडलीच नाहीत, १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून पुस्तकात आली. त्यात त्यांनी कबूल केलंय की त्या दिवसांत वेळेवर जेवणं, वेळेवर चहा, शांत चेहरा, हे बरंचसं वरवरचं होतं. आत काहूर होतं.

"त्यांना काळजी नको म्हणून." हे मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

कारण मी तेच करत होते. फाल्गुनात अंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली. छोटी, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. माझा वर्षीतप चालू होता, पारण्याला दोन महिने उरले होते. म्हटलं, अक्षय तृतीयेला पारणं होऊ दे. डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी गोळ्या सुरू केल्या तर तप मोडेल. पारणं झालं, सगळ्या नातेवाइकांनी येऊन उसाचा रस पाजला, फोटो काढले. मग म्हटलं, बंगळूरच्या लेकीला सातवा लागलाय, तिला या दिवसांत ताण नको. मग म्हटलं, ह्यांचं दुकानाचं काम आटोपू दे. कारणं मिळत गेली. रात्री मात्र झोप येईना.

ज्येष्ठातल्या एका रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या. चौविहार असतो त्यांचा, पण गुडघ्यांच्या गोळ्यांमुळे आता पाण्याची सूट घेतात. मला पुस्तक हातात घेऊन बसलेली बघून म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात?" मी सांगितलं, लढाईच्या काळात नकाशे काढणारी एक बाई आहे, आणि तिच्या घरातलं गुपित.

"हात्तिच्या! ती तर आपल्या घरातही होती," त्या म्हणाल्या आणि कपाटातून दादीजींची थोकड्यांची वही घेऊन आल्या.

दादीजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. लग्नानंतर चार-पाच वर्षं मला त्यांचा सहवास मिळाला. पर्युषणात मुलांना खेळायला कापडावर ज्ञानबाजी काढून द्यायच्या, एकेक घर पट्टीने आखल्यासारखं. साप काळ्या रंगात, शिड्या लाल. त्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. कापड बाजारातली आमची गल्ली, माळीवाडा वेस, सीनेचं पात्र, केडगावच्या बाजूची एक विहीर, कडुनिंब, आणि पुढे दादीजींच्या माहेरच्या गावाची वाट. पोलिस चौकीजवळ फुली. नदीपाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, पाणी गुडघ्यावर असेल तर पलीकडे जाऊ नये.

हा पहिला, चुकलेला नकाशा. दुसरा नीट काढून त्यांनी एका मुलाला दिला होता. १९४२ च्या पावसाळ्यात कुणा मास्तरांचा मुलगा पोलिस मागावर असताना आमच्या माळ्यावर तीन दिवस लपला होता. सूर्यास्तानंतर घरात चूल पेटायची नाही, म्हणून दादीजी दिवस मावळायच्या आत धान्याच्या पोत्यांमागे त्याचं ताट ठेवून यायच्या. दादाजींना पत्ता नव्हता. त्यांचा छावणीत कापडाचा पुरवठा होता. "घरी कोणी आलं होतं का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दादीजी सरळ "नाही" म्हणाल्या.

नकाशात किल्ला कुठेच नव्हता. एवढा मोठा किल्ला कसा राहिला, मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोराला तिकडे जायचंच नव्हतं ना!"

पुढची गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. दादीजी दर संवत्सरीला त्या खोट्याची आलोचना करायच्या, महासतीजींकडून प्रायश्चित्त घ्यायच्या, आयंबिल करायच्या. पण दादाजींना सांगितलं ते चाळीस वर्षांनी, एका क्षमापनेच्या दिवशी. सासूबाई तेव्हा दाराशीच होत्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारा हसेल. दादाजी हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं तू मला त्या पोराला पकडून देणारा माणूस समजत होतीस?"

मैत्रिणींनो, आपण रोज प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो. कुणाचं रहस्य उघड करणं, आपल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडणं, खोटे लेख करणं. दुसऱ्याचं गुपित जपायचं, हे आपल्याला शिकवलेलंच आहे. दादीजींनी त्या मुलाचं गुपित जपलं, त्यात एका जिवाचं रक्षण होतं. मुलगा गावाबाहेर सुखरूप पोचला तिथे ते काम संपलं. त्यानंतर जे उरलं ते गुपित नव्हतं, ते शल्य होतं. माया, निदान आणि मिथ्यादर्शन ही तीन शल्यं आपण लहानपणी पाठ केलीत. शल्य म्हणजे आत रुतून बसलेला काटा. वरून कातडी नीट दिसते, आत सलत राहतं. आणि शल्य असेल तर व्रत खरं व्रत होत नाही, असं आपलेच शास्त्रकार सांगतात.

माझ्या तपाचे फोटो सगळीकडे गेले होते, आणि आत हा काटा होता. मी म्हणत होते, त्यांना काळजी नको. खरं तर मी माझ्या नवऱ्याला घाबरट ठरवलं होतं, लेकीला कच्ची ठरवलं होतं. त्यांना न विचारता.

मी सासूबाईंचा हात धरून गाठीवर ठेवला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ह्यांना उठवलं. सकाळी लेकीला फोन केला. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "आई, मला पोटातल्या बाळाचं सगळं तू सांगतेस, आणि तुझं काहीच सांगत नाहीस?"

तपासण्या झाल्या. गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन झालं, आता पुढचे उपचार चालू आहेत. थोडी आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. त्यात सगळं आलं.

म्हणून हात जोडून सांगते. गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. पारणं, लग्न, डोहाळजेवण, चातुर्मास, कशासाठीच थांबू नका. महाराजसाहेबांना विचारा, तब्येतीसाठी तपात आगार असतात. शरीर हेही धर्माचं साधन आहे.

लेकीला मुलगा झाला. मला अजून प्रवासाची परवानगी नाही, फोनवरच बघते. बसल्या बसल्या मी एक वही केलीय. कपाटाची किल्ली कुठे, बँकेचं पासबुक कुठे, कुणाचे पैसे द्यायचे, माझे रिपोर्ट कोणत्या पिशवीत, कोणती गोळी मला सोसत नाही, आणि कोणती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शेवटच्या पानावर आपल्या घराचा नकाशा काढला. दादीजींसारखी सरळ रेघ येत नाही माझी. वही लपवली नाही, देवघराशेजारच्या फळीवर ठेवलीय.

पर्युषण आता जवळ आलं. तुम्ही तब्येत विचारलीत आणि मी खोटं बोलले, त्याबद्दल सगळ्यांना मनापासून मिच्छामि दुक्कडं.